किचन ट्रॉली आणि कपाटं: नवं स्वयंपाकघर करताना पैसा नेमका कुठे घालावा?

स्वयंपाकघर नव्याने करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. चकचकीत हवं की मॅट, पांढरं हवं की राखाडी, हँडल हवं की नको. शोरूममध्येही आधी दरवाजेच दाखवले जातात. पण चार-पाच वर्षांनी त्याच स्वयंपाकघराच्या तक्रारी अगदी वेगळ्या असतात. सिंकखालचा प्लाय फुगलेला असतो, पीठ-तांदळाची ट्रॉली एका बाजूला कललेली असते, ओल्या भांड्यांच्या जाळीला गंज चढलेला असतो आणि कोपऱ्यातल्या कपाटात चकलीचा सोऱ्या सापडत नसतो. यातल्या एकाही तक्रारीचा रंगाशी संबंध नाही.

ओट्याखालची आणि ओट्यावरची कपाटं किती वर्षं टिकतील आणि किती उपयोगी पडतील, हे तीन न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरतं: कपाटाचा खोका कशाचा आहे, त्यातली चॅनल्स आणि बिजागऱ्या किती वजन पेलतात आणि आतली मापं घरातल्या भांड्यांवरून घेतली आहेत का. बजेट मर्यादित असेल तर आधी या तीन गोष्टींवर खर्च करावा आणि उरलेल्या पैशात दरवाजे निवडावेत.

मॉड्युलर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, भिंतीत फडताळ आणि भिंतीवर स्टीलची मांडणी अशी सोय बरीच वर्षं होती. सुतार जागेवर येऊन, जागा बघून कपाट करायचा. मॉड्युलर पद्धतीत कपाटं ठरावीक मापांच्या सुट्या खोक्यांमध्ये तयार होतात. रुंदी साधारण ३००, ४५०, ६०० किंवा ९०० मिलिमीटर असते. हे खोके कारखान्यात कापले जातात आणि घरी आणून एकमेकांना जोडले जातात.

या विचाराचं एक प्रसिद्ध सुरुवातीचं उदाहरण जर्मनीतलं आहे. १९२६ साली मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्ट शहरातल्या सरकारी घरांसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. तसली सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. त्यात साखर, तांदूळ अशी नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण होते आणि पिठाला कीड लागू नये म्हणून त्याच्यासाठी ओकच्या लाकडाचे खण होते. म्हणजे कोणती वस्तू कुठे आणि कशात राहणार हे आधी ठरलं, कपाट नंतर आलं. आजही हाच क्रम बरोबर आहे.

पहिली पायरी: शोरूम नव्हे, मोजपट्टी

डिझायनरला बोलावण्याआधी घरातल्या सामानाची यादी करणं हे अर्धं काम आहे. यादीत चार गट पडतात.

रोज लागणारं: मिसळणाचा डबा, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, परात, चहाची भांडी, ताटं-वाट्या-पेले.
आठवड्यात एक-दोनदा लागणारं: कढई, इडलीपात्र, मोठी पातेली, किसणी, विळी.
सणावारी लागणारं: सोऱ्या, मोदकपात्र, पुरणयंत्र, पाहुण्यांची ताटं.
साठवणीचं: गहू, तांदूळ, डाळी, तेल, लोणच्याच्या बरण्या, पापड-कुरडयांचे डबे.

रोजचं सामान कंबर ते खांद्याच्या उंचीत यावं, आठवड्याचं त्याच्या खाली, सणावारीचं माळ्यावर आणि जड साठवण सगळ्यात खालच्या ट्रॉलीत. जड डबा डोक्यावरून काढायला लागू नये, एवढा साधा नियम त्यामागे आहे.

मग मापं. परातीचा व्यास, सगळ्यात उंच डब्याची उंची, कुकरची मुठीसकट लांबी आणि ताटाचा व्यास लिहून ठेवावा. हे का महत्त्वाचं, ते एका हिशोबावरून कळतं. कागदावर ४५० मिलिमीटर रुंद दिसणाऱ्या कपाटाच्या दोन्ही बाजूंना १८ मिलिमीटरचा प्लाय असतो. आत उरतात ४१४. नेहमीच्या बॉलबेअरिंग चॅनलला दोन्ही बाजूंना मिळून २५ मिलिमीटर जागा जाते. म्हणजे ट्रॉलीची बाहेरून रुंदी उरते साधारण ३८९. त्यातून जाळीची किंवा लाकडी बाजूंची जाडी वजा करायची. ४० सेंटीमीटरची परात त्या ट्रॉलीत आडवी बसणार नाही. तिला ६०० चं कपाट हवं किंवा उभी ठेवायला खाच हवी. ही गोष्ट कपाट बसल्यावर लक्षात आली तर उपाय नसतो.

ओट्याची उंचीही याच वेळी ठरवावी. उभं राहून कोपर वाकवलं की कोपरापासून साधारण १० ते १५ सेंटीमीटर खाली ओट्याचा पृष्ठभाग यावा. पाच फूट उंचीच्या व्यक्तीला ३२ ते ३४ इंच सोयीचं पडतं, साडेपाच फुटांच्या व्यक्तीला ३५ ते ३७ इंच. तयार खोका बहुधा ७२० मिलिमीटर उंच असतो. खाली १०० चे पाय आणि वर ४० चा दगड धरला तर ओटा ८६० मिलिमीटरवर, म्हणजे ३४ इंचांवर येतो. ज्या माणसाला रोज दोन तास तिथे उभं राहायचं आहे, त्याच्या कोपरावरून हे माप घेतलं पाहिजे. शोरूमच्या नमुन्यावरून नव्हे.

खोका: खरा खर्च इथे

कपाटाच्या खोक्याला कारागीर ‘कारकस’ म्हणतात. तो बहुतेक वेळा प्लायवूड, एचडीएचएमआर, एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डचा असतो.

प्लायवूडमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाने होतो. तो शब्द दुकानदाराचा आहे. बघायचा असतो तो भारतीय मानक क्रमांक. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. त्याचे थर चिकटवणारा गोंद ७२ तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. आयएस ३०३ हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचं मानक. त्यात बीडब्ल्यूआर आणि एमआर असे वेगवेगळे दर्जे मिळतात. बीडब्ल्यूआर दर्जाच्या चाचणीत ८ तास उकळतं पाणी असतं, तर एमआर दर्जाची चाचणी ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात ३ तासांची असते. म्हणून नुसतं ‘३०३ आहे’ हे उत्तर अपुरं आहे. पुढचा दर्जा विचारलाच पाहिजे. एमआर प्लाय दिवाणखान्यातल्या कपाटाला चालतो, सिंकशेजारी चालत नाही.

प्लायच्या शीटवर आयएसआय चिन्हासोबत परवाना क्रमांक छापलेला असतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर तो टाकला की कोणत्या उत्पादकाचा आणि कोणत्या मानकाचा परवाना आहे हे दिसतं. शीट कापण्याआधी घरी किंवा कारखान्यात जाऊन तिचा फोटो काढून ठेवणं हा सगळ्यात सोपा पुरावा. एकदा लॅमिनेट चढलं की आत काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

एचडीएचएमआर म्हणजे जास्त घनतेचा आणि ओल सहन करणारा फायबर बोर्ड. तो सपाट राहतो, त्यामुळे दरवाजांसाठी चांगला. साधा एमडीएफ पाणी लागलं की कडांनी फुगतो आणि परत बसत नाही. पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो, पण त्यात स्क्रूची पकड कमी. बिजागरीचा स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात परत घट्ट बसत नाही. भाड्याने द्यायच्या घरात किंवा थोड्याच वर्षांसाठी करायच्या कामात, कोरड्या बाजूच्या कपाटांना तो घेता येतो.

पैसे वाचवायचे असतील तर सगळीकडे एकच माल वापरायची गरज नाही. सिंकचं कपाट आणि त्याच्या शेजारचं कपाट आयएस ७१० चं, बाकी खालची कपाटं बीडब्ल्यूआरची आणि वरची हलकी कपाटं एचडीएचएमआरची, अशी विभागणी करता येते.

प्लाय कितीही चांगला असला तरी पाणी उघड्या कडेतून शिरतं. त्यामुळे प्रत्येक कडेला पीव्हीसी पट्टी हवी. दिसणाऱ्या कडांना तर ती असतेच. प्रश्न असतो तो मागच्या, खालच्या आणि पाइपसाठी पाडलेल्या भोकांच्या कडांचा. त्या बंद न केल्याने बरीच कपाटं खराब होतात. तसंच खोका थेट फरशीवर टेकवू नये. १०० मिलिमीटरचे पीव्हीसी पाय आणि पुढे काढता येणारी पट्टी असेल तर फरशी धुताना पाणी लाकडाला लागत नाही, खाली झाडू जातो आणि झुरळं-वाळवी वेळेत दिसते.

दरवाजे: इथे निवड आवडीची, पण काही अटींवर

लॅमिनेट, म्हणजे घरोघरी ज्याला सनमायका म्हणतात, हा फोडणीच्या स्वयंपाकघरासाठी सगळ्यात सोशिक पर्याय आहे. डाग पुसले जातात, ओरखडे कमी दिसतात आणि किंमतही आवाक्यात असते. दरवाजाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूच्या लॅमिनेटमध्ये फार फरक असेल तर दरवाजा वाकू शकतो, त्यामुळे दोन्ही बाजूंना लॅमिनेट लागणार का हे विचारावं.

अ‍ॅक्रिलिक आरशासारखं चमकतं, पण बोटांचे ठसे आणि बारीक चरे लगेच दाखवतं. पीयू रंगाचा टवका उडाला तर घरच्या घरी दुरुस्ती होत नाही. पीव्हीसी फॉइल गुंडाळलेले मेम्ब्रेन दरवाजे नक्षीदार दिसतात, मात्र शेगडी-ओव्हनच्या सततच्या उष्णतेने त्यांची कड सुटू शकते. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीतली काच वरच्या कपाटांना शोभते. तिला वाळवी लागत नाही आणि ती फुगत नाही.

हँडल नसलेले, दाबून उघडायचे दरवाजे फोटोत छान दिसतात. कणकेच्या हातांनी ते रोज वीसदा दाबले की काय होतं, हे स्वयंपाक करणाऱ्या माणसाला विचारून मगच ठरवावं. बाहेरचं साधं हँडल मनगटानेही ओढता येतं.

चॅनल आणि बिजागरी: इथे काटकसर महागात पडते

दरवाजांच्या लपलेल्या बिजागरीसाठी ३५ मिलिमीटर व्यासाचा खळगा पाडतात. बिजागरी कोणत्या कंपनीची हे जितकं महत्त्वाचं, तितकंच एका दरवाजाला किती, हेही. उंच दरवाजाला दोन पुरत नाहीत, तीन किंवा चार लागतात. दरवाजा हळू बंद होण्याची सोय ही नुसती चैन नाही. आपटणं थांबलं की स्क्रूंवरचा मार कमी होतो.

ट्रॉलीचं चॅनल निवडताना वजनाचा हिशोब करावा. १० किलो पीठ, १० किलो तांदूळ, ५ किलो साखर, ४ किलो डाळी आणि डब्यांचं वजन ३-४ किलो धरलं तर एका ट्रॉलीत ३२-३३ किलो भरतात. ३० किलो क्षमतेचं चॅनल तिथे पहिल्या दिवसापासूनच कमी पडतं. साठवणीच्या ट्रॉलीला ४५ किलो किंवा त्याहून जास्त क्षमता हवी. ही क्षमता कॅटलॉगमध्ये छापलेली असते. वाट्या-चमच्यांच्या खणाला तेवढी गरज नसते, तिथे साधं चॅनल घेऊन पैसे वाचवता येतात.

दुसरा प्रश्न: ट्रॉली पूर्ण बाहेर येते की तीन-चतुर्थांश? ओट्याखालचं कपाट साधारण २२ इंच खोल असतं. ट्रॉली पूर्ण आली नाही तर मागच्या पाच-सहा इंचांतलं सामान परत हात घालून शोधावं लागतं. मग कप्प्याऐवजी ट्रॉली केल्याचा फायदाच उरत नाही.

जाळीच्या ट्रॉलीसाठी ‘स्टील’ एवढंच पुरेसं नाही. ३०४ दर्जाच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ दर्जात निकेल बरंच कमी असतं, त्यामुळे मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या-दमट हवेत ते लवकर डागाळतं. लोखंडी तारेवर क्रोमचा मुलामा दिलेली जाळी सगळ्यात आधी गंजते. अनेक ठिकाणी लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे ३०४’ असं सांगितलं जातं. ही चाचणी इथे कामाची नाही, कारण २०२ आणि ३०४ या दोन्हींना चुंबक सहसा चिकटत नाही. दर्जा बिलावर लिहून घेणं हाच उपाय. आणि ३०४ असलं तरी क्लोरीनयुक्त ब्लीचने ते पुसू नये, त्याने बारीक खड्डे पडतात.

कोणत्या अ‍ॅक्सेसरीज उपयोगी, कोणत्या शोभेच्या?

खोल ट्रॉल्या: ओट्याखाली कप्प्यांपेक्षा ट्रॉल्या जवळजवळ नेहमीच चांगल्या. गुडघ्यावर बसून आत वाकावं लागत नाही. ज्येष्ठ माणसं असलेल्या घरात हा सगळ्यात मोठा फायदा.

जाळी की बंद तळ: भांडी घासून ओलसरच ठेवायची सवय असेल तर तारेची जाळी घ्यावी, हवा खेळते. बंद तळाच्या टँडम ट्रॉल्या मजबूत आणि सुबक असतात, बरण्या-डब्यांना उत्तम. त्यात ओली भांडी ठेवली की वास धरतो.

चमच्यांचा ट्रे: स्वस्त आणि कामाचा. त्याच खणात लाटणं, सांडशी, पक्कड यांच्यासाठी लांब भाग ठेवून घ्यावा. तयार ट्रे बहुधा काटे-चमच्यांच्या मापाचे असतात, लाटणं तिरकंही बसत नाही.

ताटांची उभी जाळी: ताटं, झाकणं, तवे, पोळपाट उभे राहतात. एक काढायला सगळा ढीग उचलावा लागत नाही.

विळीची जागा: ही कोणत्याच कॅटलॉगमध्ये नसते. पातं दुमडून ती आडवी राहील असा उथळ खण, लहान मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी, आधीच आखून घ्यावा.

बाटल्यांचा अरुंद पुलआउट: शेगडीशेजारी १५० मिलिमीटरचा पुलआउट सर्रास सुचवला जातो. बाजूंचा प्लाय वजा करता आत ११४ मिलिमीटर उरतात, त्यातून चौकट जाते. म्हणजे बाटल्यांची एकच रांग. स्वतंत्र चॅनल, स्वतंत्र दरवाजा आणि स्वतंत्र खोका यांचा खर्च धरला तर शेजारची ट्रॉली तेवढीच रुंद करणं अनेकदा फायद्याचं ठरतं. जागा उरतच असेल तरच पुलआउट घ्यावा.

कोपऱ्याची यंत्रणा: एल आकाराच्या ओट्यात कोपरा वाया जातो. त्यासाठी फिरतं चाक, मॅजिक कॉर्नर असे महागडे पर्याय आहेत. रोजची भांडी तिथेच ठेवायला लागणार असतील तर ते घ्यावेत. नाहीतर कोपऱ्यात साधा कप्पा करून सणावारी लागणारी मोठी पातेली ठेवली तरी काम भागतं.

उंच पॅन्ट्री: जमिनीपासून वरपर्यंतचं पुलआउट कपाट मोठ्या स्वयंपाकघरात सोयीचं. आठ फूट ओटा असलेल्या फ्लॅटमध्ये ते दीड-दोन फूट ओटा खातं. शिवाय बऱ्याच प्रकारांत सगळं वजन एकाच चौकटीवर येतं. तिथे आतून सुट्या ट्रॉल्या असलेलं कपाट जास्त टिकाऊ.

वर उघडणारे दरवाजे: ओट्यावरच्या कपाटांना गॅस पंपवर वर जाणारे दरवाजे बसवले की डोक्याला दरवाजा लागत नाही. पण पूर्ण उघडल्यावर त्याचं हँडल किती उंच जातं हे बघावं. घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचा हात तिथे पोहोचला पाहिजे.

मिक्सरसाठी रोलिंग शटर: उपयोगी, जर आत वीजजोड असेल आणि मिक्सर जागेवरच वापरता येत असेल तर. नाहीतर ती महागडी पेटी होते.

माळा: सात फुटांच्या वरची जागा सणाच्या भांड्यांसाठी चांगली. मात्र तिथे चढायला स्टुलाऐवजी रुंद पायऱ्यांची घडीची शिडी असावी आणि तिची जागाही आराखड्यात असावी.

पाणी, गॅस आणि वीज: कपाटाआधी ठरवायच्या गोष्टी

सिंकचं कपाट सगळ्यात लवकर मरतं. तिथे तळाला प्लायऐवजी पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसी बोर्ड लावता येतो, वर अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे ठेवता येतो. मागची बाजू काढता येण्यासारखी असावी, म्हणजे नळजोड दुरुस्त करायला कपाट फोडावं लागत नाही. वॉटर प्युरिफायरला पाणी येणारी नळी, सांडपाण्याची नळी आणि वीज असे तीन जोड लागतात. ते कपाट बसण्याआधी काढावेत.

गॅसबाबत चूक झाली तर प्रश्न फुगलेल्या प्लायचा राहत नाही, जिवाचा होतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो एलपीजी असतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली तर तो खाली, जमिनीलगत साचतो. सुबक दिसावं म्हणून सिलिंडर पूर्ण बंद कपाटात कोंडला तर गळतीचा वास बाहेर यायला उशीर होतो. त्या कपाटाला तळाशी जाळी किंवा मोकळी फट हवीच. सिलिंडर उभा राहावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी आणि रेग्युलेटरपर्यंत काहीही न हलवता हात पोहोचावा. सुरक्षा होज ५ वर्षांनी बदलायची असते, त्यामुळे ती कपाटामागे कायमची गाडू नये. पाइपने येणारा पीएनजी प्रामुख्याने मिथेन असतो. तो हवेपेक्षा हलका असल्याने वर चढतो, म्हणून तिथे फट वरच्या बाजूला हवी. पीएनजीची पाइप आणि व्हॉल्व्ह स्वतः हलवू नये, ते काम गॅस कंपनीच्या माणसाचं. एलपीजी गळतीच्या तातडीच्या मदतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे.

विजेचं सांगायचं तर मायक्रोवेव्ह, ओव्हन, इंडक्शन यांना १६ अँपिअरचे स्वतंत्र पॉइंट लागतात. कपाटाचा आराखडा आणि पॉइंटचा आराखडा एकाच कागदावर असेल तर स्विचबोर्ड दरवाजामागे जात नाही. चिमणीची नळी साधारण सहा इंचांची असते आणि ती वरच्या कपाटातून गेली तर त्या कपाटातली बरीच जागा खाते, हेही आधीच धरावं.

जुना कडप्पा तोडावाच का?

जुन्या फ्लॅटमध्ये ओट्याखाली कडप्प्याचे उभे कप्पे असतात. कडप्पा हा काळा चुनखडी दगड. आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागावरून त्याला हे नाव पडलं. तो फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दगड भक्कम आणि सरळ असेल तर त्यातच चॅनल आणि ट्रॉल्या बसवून पुढे नवे दरवाजे लावता येतात. प्लायच्या खोक्याचा खर्च वाचतो आणि सिंकखालची चिंताही मिटते. अडचण एकच: जुने कप्पे एकमेकांशी काटकोनात नसतात आणि रुंदी वर-खाली वेगळी भरते. प्रत्येक कप्प्याची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून सगळ्यात कमी मापाची ट्रॉली करावी. दगडाला तडे असतील किंवा ओट्याची उंचीच गैरसोयीची असेल तर मात्र तोडणं बरं.

कोटेशन वाचायचं कसं?

एक विक्रेता रनिंग फुटाने भाव सांगतो, दुसरा चौरस फुटाने. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही. १० फूट ओट्याखाली अडीच फूट उंचीची कपाटं म्हणजे समोरून २५ चौरस फूट. पण या २५ चौरस फुटांत दोन ट्रॉल्या आहेत की आठ, हे त्या आकड्यातून कळत नाही. खरा खर्च ट्रॉल्यांच्या संख्येने वाढतो. म्हणून प्रत्येक विक्रेत्याला एकच आराखडा आणि एकच यादी द्यावी आणि पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात:

• प्रत्येक कपाटाच्या खोक्याचा माल, मानक क्रमांक, दर्जा आणि जाडी. मागच्या फळीची जाडी वेगळी लिहावी.
• लॅमिनेट किंवा इतर फिनिशची कंपनी आणि क्रमांक, आतली बाजू धरून.
• चॅनल आणि बिजागऱ्यांची कंपनी, मॉडेल, संख्या आणि वजनक्षमता.
• जाळ्यांच्या स्टीलचा दर्जा.
• हँडल, खालची पट्टी, वाहतूक, बसवणं, जुनं सामान काढणं आणि जीएसटी भावात धरले आहेत की नाहीत.
• वॉरंटी कशावर आहे. खोका, दरवाजा आणि हार्डवेअर यांची वॉरंटी बहुधा वेगवेगळी असते आणि पाण्याने झालेलं नुकसान अनेकदा वगळलेलं असतं.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि शेवटचा हप्ता तपासणीनंतरच.

काम संपल्यावर अर्ध्या तासाची तपासणी

प्रत्येक ट्रॉली भरून ओढून बघावी, रिकामी ट्रॉली नेहमीच छान सरकते. दोन दरवाजे एकाच वेळी उघडले तर एकमेकांना लागतात का आणि फ्रिजचा दरवाजा उघडा असताना शेजारची ट्रॉली पूर्ण येते का, हे पाहावं. सिंक काठोकाठ भरून एकदम सोडावं आणि खालच्या जोडांना कोरडा कागद लावावा. टॉर्च घेऊन कपाटांच्या मागच्या-खालच्या कडा बघाव्यात. कुठे उघडा प्लाय दिसला तर त्याच दिवशी पट्टी लावून घ्यावी. वरची कपाटं भिंतीला कशी धरली आहेत, तेही विचारावं. विटांच्या भिंतीत आणि पोकळ ब्लॉकच्या भिंतीत लागणारे फास्टनर वेगळे असतात.

दरवाजे जुने झाले तर पुढे बदलता येतात, तेवढं काम दोन-तीन दिवसांत होतं. खोका फुगला किंवा माप चुकलं तर ओटा रिकामा करून सगळं परत करावं लागतं. त्यामुळे बजेट कमी पडायला लागलं तर आधी अ‍ॅक्रिलिक सोडून लॅमिनेटवर यावं, मग कोपऱ्याची यंत्रणा आणि अरुंद पुलआउट कमी करावेत. सिंकखालचा माल, साठवणीच्या ट्रॉलीचं चॅनल आणि सिलिंडरच्या कपाटाची फट या तीन गोष्टींना मात्र हात लावू नये.